गाडी घरात, मी गॅरेजात

मु. कोलोंबारो, ता. फोरमिजिने, जि. मोदेना
(घरामागचं गॅरेज. पोस्टमनला आता सवय झाली आहे.)
ऑक्टोबरचा तिसरा आठवडा

तीर्थरूप लेआर्कोदादास,

धाकट्या ओरिएल्लाचा नमस्कार. शिरसाष्टांग लिहिणार होते, पण मी राहते त्या जागेत तेवढी लांबी नाही. गुडघे दुमडून, मान खाली घालून जेवढा होईल तेवढा नमस्कार समजून घे. तुझा रक्तदाब कसा आहे? वान्दावहिनींची कंबर कशी आहे? त्रेन्तोच्या डोंगरात एव्हाना थंडी पडली असेल. लेकीकडे राहतोस म्हणजे लोकरीचे मोजे भरपूर मिळत असतील आणि मीठ मिळत नसेल. सोस थोडं. आमच्याकडे सगळं क्षेम आहे, म्हणजे गाडीचं क्षेम आहे. तिला कोरडी हवा लागते, ती मिळते. ऊन सोसत नाही, ते तिच्यावर पडू दिलं जात नाही. अंगावर आतून कापूस लावलेलं मऊ पांघरूण आहे. माझं विचारशील तर उशाशी ट्रॅक्टरचा जुना टायर आहे, पायथ्याशी इव्होचा बागेत औषध फवारायचा पंप आहे, आणि वरच्या पत्र्यावर पाऊस पडला की रेडिओ लावायची गरज उरत नाही.

तू कारखान्यात चाळीस वर्षं नव्या गाड्या चालवून बघायची नोकरी केलीस, त्यामुळे गाडी ही चालवायची वस्तू आहे असा तुझा समज असणार. माझाही होता. तो आमच्या लोरिसने दूर केला. तुझा हा भाचा फरशांच्या कंपनीत विक्री बघतो, सत्तेचाळीस वर्षांचा झाला तरी वरच्या मजल्यावर राहतो, आणि त्याचे शर्ट अजून मीच इस्त्री करते. (लग्नाचं विचारू नकोस. मी विचारणं सोडलं तेव्हापासून आमचं बरं चाललं आहे.) तर या शहाण्याने गेल्या हिवाळ्यात बापाची पेअरची बाग विकली. इव्होला जाऊन दोन वर्षं होत नाहीत तोवर विकली. वरची रक्कम कुठून उभी केली ते मी विचारलं नाही, कारण त्याने खरं सांगितलं असतं. आणि त्या सगळ्याची त्याने एक पिवळी गाडी आणली. तुझ्याच कारखान्याची, तुझ्याच काळातली. इथे बनली, म्युनिकच्या कुणा दातांच्या डॉक्टरने नेली, तीस वर्षं कापडाखाली झाकून ठेवली, आणि आता परत आली. काट्यावर जे थोडे किलोमीटर आहेत ते सगळे कारखान्यातल्या चाचणीचे. म्हणजे दादा, त्या गाडीच्या आयुष्यात तिला चालवलेला माणूस एकच, आणि तो तू. दातांच्या डॉक्टरने तिला हातसुद्धा लावला नाही. दुसऱ्यांच्या तोंडात आयुष्यभर हात घालणाऱ्या माणसाला एवढा संयम कुठून आला, देव जाणे.

आपल्या गावची रीत तुला माहीत आहे. कुणाच्याही दारी गाडी आली, मग ती थाटाची असो की भाजीचा तीनचाकी टेम्पो, की बारमधली मंडळी हातातला डाव टाकून येतात. मालक इंजिन सुरू करतो, सगळे माना तिरक्या करून ऐकतात, ‘तिसऱ्या सिलिंडरचं काहीतरी बघ’ असं कुणीतरी म्हणतोच, मग मालक एकेकाला शेजारी बसवून पुलापर्यंत चक्कर मारून आणतो आणि घरातली बाई न्योक्कोच्या फुगीर पुऱ्या तळते. पिवळी आली त्या रविवारी अख्खा बार आमच्या अंगणात उभा. मी चरबी तापवत ठेवलेली. लोरिसने आधी सगळ्यांच्या बुटांवर कापडी पिशव्या चढवायला लावल्या. मग पांघरूण अर्धं वर केलं, नव्या नवरीचा पदर सावरावा तेवढंच. आणि मग खिशातून फोन काढून इंजिनाचा आवाज ऐकवला. फोनवर. गाडी समोर उभी असताना.

बारमालक वाइनेरने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग म्हणाला, “लोरिस, माझ्या सासऱ्याचा आवाजही माझ्या फोनमध्ये आहे. पण त्याला पुरलंय रे आम्ही.”

“वाइनेरकाका, ही सुरू करून हलवली की किंमत उतरते.”

“असं होय? मग तुझ्या आजोबाने नांगर कोरा ठेवला असता तर आज आपण सगळेच श्रीमंत असतो. उपाशी, पण श्रीमंत.”

मंडळी पिशव्या पायातच ठेवून फरफरत निघून गेली. न्योक्कोला कुणी हात लावला नाही. दादा, तळलेला न्योक्को सोडून माणसं निघून गेली असं या गावात युद्धाच्या काळातही झालं नसेल. मला लाज वाटली. लोरिसला वाटली नाही, कारण त्या दिवशी गाडीची किंमत वाढल्याचा निरोप त्याला मिलानहून आला होता.

मिलानला दोत्तोर फांतुत्झी असतात. ते लोरिसचे सल्लागार. वय तीसच्या आसपास, बूट चकचकीत, आत मोजे नाहीत. (जानेवारीतही नाहीत. मी तुझी जुनी लोकरीची जोडी पुढे केली, तर त्यांनी ती दोन बोटांत धरून परत दिली.) हे गृहस्थ ट्रेनने येतात आणि लोरिस त्यांना स्टेशनवरून माझ्या खटारा फियाटमधून आणतो, कारण त्यांना गाडी चालवता येत नाही. लायसन्सच नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिले, पण या शहाण्याला उंटावर बसवायलाही दुसरा माणूस लागतो. पहिल्याच भेटीत मी विचारलं, एवढी गाडी घेऊन पोराने करायचं काय? तर समजुतीने म्हणाले, “सिन्योरा, तुम्ही हिला गाडी म्हणू नका. ठेव म्हणा.” मी म्हटलं, ठेवीला चाकं कशाला? “चाकं आहेत म्हणून तर ती ठेव आहे.” शिकलेल्या माणसाशी कुठवर बोलायचं याला मर्यादा असते.

याच गृहस्थांनी घरभर एक छोटं यंत्र फिरवून निकाल दिला की गॅरेज दमट आहे आणि ठेवीला बाधेल. सगळ्यात उत्तम जागा म्हणजे खालची मोठी खोली. उत्तरेकडची, दोन हात जाडीच्या भिंतींची. म्हणजे माझं स्वयंपाकघर, माझं जेवणाचं टेबल आणि कोपऱ्यातला माझा पलंग. (वरच्या मजल्यावर मला जिना चढवत नाही, हे तुला माहीत आहे. फांतुत्झींनाही सांगितलं. ते म्हणाले, ठेवीलाही चढवणार नाही.) मग खिडकी पाडून दरवाजा केला, चूल विझवली, कोपऱ्यात हवेतला ओलावा शोषणारं यंत्र बसवलं आणि गाडी ढकलत आत नेली. ढकलतानाही खाली छोट्या चाकांचे पाट घातले आणि तिची स्वतःची चाकं जमिनीवरून वर उचलली, न जाणो काटा फिरायचा. माळ्यावरची माझी व्हिनेगरची पिंपं शेजारच्या देआन्नाकडे गेली, कारण आंबट वाफ रंगाला चालत नाही. लोरिसच्या जन्माच्या वर्षी भरलेली पिंपं ती. आता व्हिनेगर आपणही पंचवीस पंचवीस वर्षं ठेवतोच की, पण शेवटी ते कुणाच्या तरी जिभेवर उतरावं म्हणून ठेवतो. नुसतं पिंपाकडे बघून ‘वा, काय भाव आला’ म्हणणारा मोदेन्यात अजून जन्माला आला नव्हता. तो माझ्या पोटी यायचा होता.

धन्याला कण्या आणि चोराला मलिदा म्हणतात ते असं. वसंतापासून मी गॅरेजात आहे. गॅसची शेगडी आहे, खाट आहे, लोरिस रोज संध्याकाळी येऊन माझ्याकडे जेवतो आणि ‘आई, थोडेच दिवस’ म्हणतो. तो वाईट नाही, दादा. हे मी आई म्हणून लिहीत नाही, शेजारीण म्हणून लिहिते. एकदा मी त्याला विचारलं, बाबा रे, कधी आत बसावंसं तरी वाटतं का तुला? तो वाटीतला रस्सा ढवळत राहिला आणि म्हणाला, “वाटतं, म्हणून तर किल्ली तुझ्याकडे दिलीय.” मी किल्ली मैद्याच्या डब्यात ठेवली आहे. गंमत बघ, गाडी पूर्ण तयार आहे. टायर नवे, तेल नवं, पट्टे नवे, नंबरप्लेटही आली. कारण गाडी धावू शकते असा दाखला असला तर भाव चढतो, आणि ती खरंच धावली तर उतरतो. मी हे वाइनेरला समजावून सांगितलं, तर त्याने मला एक पेला लांब्रुस्को फुकट दिला.

आता सप्टेंबरचं संकट ऐक. आमच्या देआन्नाच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली आणि चाळीस माणसांसाठी ताल्यातेल्ले मी करीन असा शब्द मी दिला होता. आपल्याकडे दिला शब्द आणि मळलेलं पीठ मागे घेत नाहीत. पहाटे उठून अंडी फोडली, मैदा मळला, लाटला, हातभर लांब पट्ट्या कापल्या. बाहेर चार दिवसांची झड. गॅरेजात एवढी ओल, की पट्ट्या वाळायच्या सोडून एकमेकींच्या गळ्यात पडायला लागल्या. वाळत घालायला टेबल नाही, दांडी नाही. आणि वीस पावलांवर, भिंतीपलीकडे, अख्ख्या तालुक्यातली सगळ्यात कोरडी खोली. लोरिस बोलोन्याला फरशांच्या प्रदर्शनात. मी काय केलं असेल?

त्या गाडीला मागे एक पंख आहे. तुला ठाऊकच आहे, तू त्याच्यासकट ती चालवली आहेस. रुंद, गुळगुळीत, दोन्हीकडून मोकळा आणि बरोबर माझ्या कोपराच्या उंचीला. वेगात गाडी जमिनीला चिकटून राहावी म्हणून तो असतो म्हणे. आमची गाडी न हलताच जमिनीला चिकटलेली असल्यामुळे तो बिचारा रिकामाच होता. मी त्यावर इस्त्री केलेला पांढरा टेबलक्लॉथ अंथरला (मी काही रानटी नाही) आणि पट्ट्या ओळीने लोंबत सोडल्या. उरलेल्या थोड्या दोन्ही आरशांवर घातल्या. आणि दादा, सत्तर वर्षांत माझ्या ताल्यातेल्ले इतक्या सुरेख वाळल्या नव्हत्या. त्या यंत्राने ओलावा असा ओढून घेतला की तासाभरात खणखणीत. त्या गाडीच्या आयुष्यातला तो पहिला उपयोग. मी खुर्ची घेऊन समोर बसले आणि तिच्याकडे बघून मला प्रथमच बरं वाटलं.

आणि तेवढ्यात नव्या दरवाजातून फांतुत्झी आत आले. सोबत विमा कंपनीचे एक स्विस गृहस्थ, पांढरे हातमोजे घातलेले, हातात बॅटरी. ते दुसऱ्या दिवशी यायचे होते, पण स्विस माणूस वेळेच्या आधी येतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गृहस्थांनी पंखाकडे बघितलं. वाकून आरशाकडे बघितलं. एका पट्टीवर बॅटरी मारली. “हे काय आहे?” फांतुत्झींचा चेहरा मैद्यासारखा झाला. पण दाद दिली पाहिजे, सल्लागार तो सल्लागार. म्हणाले, “ही इथली पारंपरिक पद्धत आहे. नैसर्गिकरीत्या ओलावा शोषून घेते.” स्विस गृहस्थ ते लिहून घ्यायला लागले. मला खोटं सोसत नाही. मी म्हटलं, “ताल्यातेल्ले आहेत. थांबलात तर रस्साही आहे.”

थांबले. गॅरेजात माझ्या खाटेवर बसून दोन ताटल्या खाल्ल्या, तिसरीला नाही म्हणताना मान खाली घातली, निघताना माझा हात हातात घेतला. मला वाटलं, माणूस आपल्यातला आहे. आठ दिवसांनी त्यांचं लेखी आलं. गाडीची अवस्था अत्युत्कृष्ट, पण तळमजल्यावर स्वयंपाक करणाऱ्या वृद्ध महिलेचा वावर हा धोका असून तो दूर झाल्याशिवाय विमा नाही. खाल्ल्या मिठाला जागणं हा प्रकार त्यांच्या डोंगरात नसावा. लोरिसला वर राहायला हरकत नाही, कारण त्याला अंडंसुद्धा उकडता येत नाही.

आणि घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं. फांतुत्झींचं म्हणणं असं, की एक गाडी म्हणजे हौस, दोन गाड्या म्हणजे संग्रह, आणि भाव संग्रहाला येतो. तेव्हा दुसरीही येते आहे. माझा पलंग होता त्या कोपऱ्यात ती बसते, मापं घेऊन झाली. लोरिसने मला मोदेन्यात सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट बघितला आहे. लिफ्ट आहे, विजेची शेगडी आहे, खाली औषधांचं दुकान आहे. फोटो दाखवताना त्याचा आवाज इतका गोड होता, की माझ्या लक्षात आलं, हे आता नक्की झालेलं आहे. तारीखही ठरवली, आणि कुठली ठरवावी? सान मार्तीनो. पोराला कळलंसुद्धा नाही तो काय बोलतोय. आपला बाप दुसऱ्याची जमीन वाट्याने करायचा, आणि दर दोन-तीन वर्षांनी अकरा नोव्हेंबरला मालक म्हणायचा, उचला. मग खाटा, कोंबड्या, आई, तू आणि मी, सगळं एका बैलगाडीवर. तू पुढे बसायचास, मी घमेल्यात. इव्होने आणि मी हे घर घेतलं तेव्हा मी त्याला एकच म्हटलं होतं, की आता आयुष्यात सान मार्तीनो करायचा नाही. आणि आता पोटचा पोर मला उचला म्हणतोय. मी रडले नाही. गॅरेजात रडलं की पत्र्यामुळे घुमतं.

तेव्हा पत्राचं कारण. लोरिसने तुला कळवायला सांगितलं आहे, की फांतुत्झींनी शोध लावलाय, या गाडीची चाचणी लेआर्को मालागोली यांनी केली होती, आणि लेआर्को मालागोली अजून हयात आहेत. (हे त्यांनी जरा आश्चर्याने सांगितलं.) इंजिनावरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तू सही केलीस तर ठेव आणखी वाढेल. तिकीट लोरिस पाठवेल. सान मार्तीनोच्या आधी ये, सही कर, जेव, जा. वान्दावहिनींना माझा नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
ओरिएल्ला

ता. क. वरचा मजकूर वहिनींसमोर मोठ्याने वाचलास तरी चालेल. हा एकट्याने वाच. आठवडाभर आधी ये. तेव्हा लोरिस फरशा घेऊन स्पेनला असणार आहे. लायसन्स, चष्मा आणि पातळ तळव्याचे ते बूट आण. सहीला दोन मिनिटं पुरतात. उरलेल्या वेळाचं मी ठरवलं आहे. फांतुत्झींना मी गरिबासारखं विचारून घेतलं, की ही ठेव मोडते कधी? म्हणाले, हजारावर किलोमीटर गेली की मग ती नुसतीच एक चांगली जुनी गाडी. लोरिसने घातले तेवढे पैसे कुणीही देईल, नफा मात्र विसरा. म्हणजे पोराचं बुडत काही नाही, फक्त फुगत नाही. नुसत्या चांगल्या जुन्या गाडीला स्विस गृहस्थ लागत नाहीत, कोरडी खोली लागत नाही, जोडीला दुसरी लागत नाही, आणि मला सहावा मजला लागत नाही. समुद्राकाठचा रस्ता सरळ आहे. खाली दक्षिणेत बारीला जाऊन परत आलं की चौदाशे किलोमीटर होतात, काम झालं. तू चालव, मी शेजारी बसते. चाळीस वर्षं तू आमच्या कुंपणावरून नव्या गाड्या घेऊन गेलास आणि एकदाही मला आत घेतलं नाहीस, कारण नियम होता. आता तुझा मालक मी आहे.

ता. क. २. पत्र टाकायचं राहिलं, ते बरं झालं. काल जेवताना माझ्या पोटात राहिलं नाही आणि मी लोरिसला सगळं सांगून टाकलं. म्हटलं, आता हा उठून मिलानला फोन लावणार. त्याने काटा खाली ठेवला. मग विचारलं, “मामा बारीला आतल्या रस्त्याने नेईल की समुद्राकडून?” मी म्हटलं, समुद्राकडून. मग म्हणाला, “पहिल्या गिअरला फार जड जाते म्हणतात.” मी म्हटलं, मला काय माहीत. मग तोंड फिरवून म्हणाला, “स्पेनला दुसऱ्या कुणालातरी पाठवता येईल.” दादा, बाग विकली तेव्हापासून त्याच्या चेहऱ्यावर असं काही मी पाहिलं नव्हतं. मी विचारलं, आणि दुसरी गाडी? तर म्हणे, “कळवतो त्यांना, आईची खोली रिकामी होणार नाही म्हणून.” माझा घास तोंडातच राहिला. आणि वर झोपायला जाता जाता तो गॅरेजच्या दारातून शांतपणे म्हणाला, “पण आई, तिला सीट दोनच आहेत. तू ट्रेनने ये.”

ता. क. ३. मी बरं म्हटलं. ट्रेनने बारीला आधी जाऊन स्टेशनवर बसते. पण येताना ती सीट माझी आहे आणि लोरिसने ट्रेनने यायचं आहे. हे मी त्याला सांगितलेलं नाही. तू सांग, तू मामा आहेस.